अलास्कावरचं आक्रमण लिहिताना: गूगल अर्थ प्रोचे आठ महिने

माझ्या कादंबरीत २०४० च्या दशकात एक परकी फौज अलास्कात उतरते आणि दोन हिवाळे तिथे ठाण मांडून बसते. मी नाशिकचा, अलास्का पाहिलेलं नाही. त्यामुळे गेले आठ महिने रोज रात्री जेवणं उरकली की गूगल अर्थ प्रो उघडून बसतो. संगणकावर ते मोफत मिळतं.

पहिल्या मसुद्यात शत्रूचे रणगाडे बेरिंग सामुद्रधुनीकडून येत होते. मोह पडण्यासारखीच जागा आहे ती. रशियाचं मोठं डायोमीड आणि अमेरिकेचं छोटं डायोमीड यांच्यात चार किलोमीटरही अंतर नाही. पण पृथ्वीगोल फिरवून किनाऱ्यावरून पूर्वेकडे निघालो, तर राज्याच्या आतल्या भागातल्या फेअरबँक्स शहरापर्यंत पोचणारा रस्ताच सापडेना. नोमसारखं गावसुद्धा राज्याच्या रस्त्यांना जोडलेलं नाही. चाळीस पानं काढून टाकली आणि वाईट वाटलं नाही.

मग अँकरेज. शहरातून बाहेर पडायला दोनच महामार्ग, उत्तरेला ग्लेन आणि दक्षिणेला सेवर्ड. सेवर्ड महामार्गाच्या एका बाजूला सरळ डोंगर, दुसऱ्या बाजूला टर्नअगेन आर्मची खाडी. जुन्या तारखांची चित्रं पालटून पाहिली की कधी पाणी दिसतं, कधी नुसता गाळ. पुढे व्हिटियर बंदराकडे जाताना सुमारे चार किलोमीटरचा बोगदा, एकाच मार्गिकेतून आळीपाळीने गाड्या आणि रेल्वे सोडणारा. रूलरने मार्ग आखून चढ-उताराचा आलेख काढला, आणि माझ्या बंडखोरांना काय करायचं ते तिथेच कळलं.

सर्वात उपयोगी पडली ती सूर्यप्रकाशाची पट्टी, जी सरकवली की त्या वेळचा उजेड-अंधार पडद्यावर दिसतो. डिसेंबरातल्या एका प्रसंगात मी संध्याकाळी पाचला उजेड ठेवला होता. अँकरेजला तेव्हा दिवस साडेपाच तासांचा असतो! अख्खा प्रसंग अंधारात नेला, आणि तो आता कादंबरीतला मला सर्वात आवडणारा प्रसंग आहे.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर डोंगर उभे राहायला वेळ लागायचा. रॅम वाढवल्यावर बरं चालतं. नकाशावर लावलेल्या खुणा दर आठवड्याला केएमझेड फाईलमध्ये (गूगल अर्थच्या खुणा साठवायची फाईल) साठवून ठेवा. लॅपटॉप फॉरमॅट करताना माझ्या साठेक खुणा गेल्या.

पण एक खूण पुन्हा लावताना मी थांबलो. अलास्काच्या अल्यूशन बेटांपैकी अट्टू बेटावरचं चिचागॉफ बंदर. जून १९४२ मध्ये जपानी सैन्याने हे बेट घेतलं, तिथल्या चाळीसेक युनांगन लोकांना, म्हणजे या बेटांच्या मूळ रहिवाशांना, जपानमधल्या होक्काइडोला नेलं. कितीतरी जण तिथेच मरण पावले. वाचलेल्यांना गावी परतता आलं नाही, गाव पुन्हा वसलंच नाही. पडद्यावर हिरवट उतार आणि पाणी दिसतं, बस. इतर बेटांवरच्या ८८१ युनांगन लोकांना तर अमेरिकेनेच हलवून आग्नेय अलास्कातल्या छावण्यांत कोंबलं होतं. १९८८ च्या कायद्याने त्याबद्दल भरपाई मिळाली.

माझ्या आठ महिन्यांच्या नकाशात फौजा कुठून येतील, कुठे अडतील हे सगळं होतं. व्यापलेल्या गावातली माणसं काय खात होती, हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणून तेराव्या प्रकरणासाठी पृथ्वीगोल बंद केला आहे. युनांगन लोकांनी १९८१ मध्ये या स्थलांतराबद्दलच्या अमेरिकी सरकारच्या चौकशी आयोगापुढे दिलेल्या साक्षी वाचतो आहे, आणि आक्रमणाची प्रकरणं आणखी छोटी करतो आहे.