६५ इंची टीव्ही, नऊ महिने: भाव मस्त पाडला, पण फुकटच्या वॉलमाउंटने पाच आठवडे खाल्ले

आठव्या महिन्यात एका रात्री मॅच चालू असताना टीव्ही काळा पडला. आवाज चालू, कॉमेंट्री स्पष्ट, चॅनल बदलला की आवाजही बदलतोय, फक्त चित्र गायब. दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला अगदी चिकटवून तिरका धरला, तर आत पुसटसे खेळाडू पळताना दिसले. म्हणजे चित्र तयार करणारं पॅनल जिवंत होतं आणि त्याला मागून उजेड देणारा बॅकलाइट गेला होता. ही टॉर्चची टेस्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते, मला तर भांडायला आली.

टीव्हीचं नाव टाकत नाही, कारण खरं सांगायचं तर टीव्ही वाईट नाहीये. साधा फोरके एलईडी, व्हीए पॅनल (गडद काळ्यासाठी ओळखला जाणारा प्रकार), मागे डायरेक्ट बॅकलाइट, म्हणजे एलईडीच्या पट्ट्या थेट पॅनलच्या मागे. मला लिहायचंय ते मी केलेल्या डीलबद्दल, कारण ते डील मला वाटत होतं तसं नव्हतं.

खरेदीच्या आधी मी दोन महिने अभ्यास केला होता. सोफ्यापासून भिंत पावणेतीन मीटर, त्या अंतरावर ५५ इंच लहान पडतो हे आधीच्या टीव्हीवरून कळलं होतं. ५५ आणि ६५ मध्ये दहा इंचांचाच फरक वाटतो पण स्क्रीनचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं. ६५ ची रुंदी साधारण १४४ सेंटीमीटर भरते, तेवढा पुठ्ठा कापून भिंतीवर चिकटवला आणि चार दिवस तसाच ठेवला, घरच्यांची नजर बसली, मग ठरवलं.

वेळही बघून निवडली. नवीन मॉडेल्सच्या घोषणा दरवर्षी जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात होतात आणि ती दुकानात यायला पुढचे काही महिने जातात, तेव्हा मागच्या वर्षीचा स्टॉक दुकानदाराला गोडाऊनमधून काढायचा असतो. मोठा टीव्ही जागा अडवतो, आणि त्याची ही घाई आपल्या कामाची असते. मागच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये माझ्या वापराला लागणारं सगळं होतं. त्यातून मी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलो, कारण सेल्समनचं टार्गेट तेव्हा डोक्यावर असतं.

तीन दुकानांत फिरलो. पूर्ण मॉडेल नंबर लिहून नेला होता, शेवटच्या अक्षरांसकट, कारण तोच टीव्ही वेगवेगळ्या दुकानसाखळ्यांत एखाद्या अक्षराच्या फरकाने विकतात आणि मग 'तो मॉडेल वेगळा आहे सर' म्हणून भाव जुळवून द्यायला नकार देतात. दुसरं म्हणजे जुना टीव्ही एक्सचेंजला द्यायचाय हे मी शेवटपर्यंत बोललो नाही. आधी बोललात की एक्सचेंजची रक्कम छान फुगवून सांगतात आणि नव्या टीव्हीच्या सुटीतून तेवढीच कापून घेतात. आधी नव्याचा भाव पक्का करायचा, मगच जुना काढायचा. बिनव्याजी हप्त्यांचंही तसंच, पूर्ण पैसे आत्ता दिले तर किती आणि हप्त्याने किती हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून मागितले, हप्त्यात सूट कमी होती. तो फरक म्हणजेच व्याज.

तिसऱ्या दुकानात डिस्प्ले पीस देऊ केला, आणखी स्वस्तात. हिशोब केला: दुकानात रोज बारा तास फुल ब्राइटनेसवर, वर्षाचे चार हजारांवर तास. माझ्या घरी रोज चार तास धरले तर जवळजवळ तीन वर्षांचा वापर आधीच झालेला. आणि वॉरंटी कधीपासून धरणार यावर सेल्समन गुळमुळीत बोलायला लागला, म्हणून नको म्हटलं. सीलपॅक बॉक्सच हवा यावर ठाम राहिलो.

छापील किमतीवर १८ टक्के सुटीपासून सुरुवात झाली आणि २२ वर येऊन गाडी अडकली. मला २४ हवे होते. पाऊण तास त्या शेवटच्या दोन टक्क्यांवर गेला. मी एकदा उठून दारापर्यंत जाऊन आलो, सेल्समनने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने कॅल्क्युलेटर फिरवला, आणि शेवटी म्हणाला, "सर, २२ च्या वर मला जमत नाही, पण वॉलमाउंट आणि फिटिंग माझ्याकडून फ्री." मी आनंदाने हो म्हटलं. बाहेर वॉलमाउंटचे आणि फिटिंगचे वेगळे पैसे लागतात, म्हणजे माझे दोन टक्के वसूल झाले असं वाटलं. तो माउंट कुठला आहे, फिक्स आहे की फिरता, मागे किती जागा सोडतो, यातलं काहीही मी विचारलं नाही. पाऊण तास दोन टक्क्यांवर आणि माउंटवर एक मिनिट नाही.

बायको मात्र म्हणाली, "फ्री आहे ना, मग बिलावर लिहून द्या." मॅनेजर म्हणाला मॅडम लिहायची गरज नाही, आमचा माणूसच येणार आहे. ती म्हणाली मग तर लिहायला काहीच हरकत नाही. त्याने बिलावर हाताने लिहिलं, 'वॉलमाउंट व फिटिंग दुकानातर्फे', सही केली, शिक्का मारला. मला तेव्हा वाटलं ही उगाच ताणतेय, भाव ठरलाय, आता निघू. ती एक ओळ नसती तर आज हा अनुभव फार वेगळा लिहावा लागला असता.

तीन महिन्यांनी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. चौथ्या महिन्यात साडेतीन. का, ते आता सांगतो.

आधी चित्राबद्दल. पहिले दोन आठवडे माणसांचे चेहरे नारिंगी आणि अंधारातले सीन करडे दिसायचे, मला वाटलं पॅनलच हलकं मिळालं, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनल टाकतात हे वाचलेलं होतं. मग सेटिंग उघडलं तर टीव्ही दुकानवाल्या डेमो मोडमध्ये होता, फिटिंग करणाऱ्याने सुरुवातीला 'होम' ऐवजी 'स्टोअर' निवडलं होतं. होम केलं, पिक्चर मोड सिनेमा ठेवला, बॅकलाइट निम्म्यावर आणला, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद केलं, आणि टीव्ही एकदम वेगळाच वाटायला लागला. व्हीए पॅनलचा काळा रंग रात्री फार सुंदर दिसतो, बाजूला बसलं की थोडा फिका पडतो, आमचा सोफा समोरच आहे त्यामुळे तक्रार नाही. हे मी मनापासून सांगतो, या पैशात चित्र उत्तम आहे.

आता वॉलमाउंट. दुकानाचा माणूस घेऊन आला तो फिक्स माउंट, टीव्ही आणि भिंतीत जेमतेम तीन सेंटीमीटर. दिसायला छान, फोटो फ्रेमसारखा. पण या टीव्हीचे तीनपैकी दोन एचडीएमआय पोर्ट सरळ मागे तोंड करून आहेत, आणि ईआर्कवाला पोर्ट त्या दोघांपैकी एक. ईआर्क म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवायची सोय, ती एकाच पोर्टला असते, साउंडबार तिथेच लागतो. साध्या केबलची पिन आणि तिची वळण घेणारी जागा धरली तर पाच-सहा सेंटीमीटर लागतात, तीनमध्ये बसत नाही. म्हणजे साउंडबार घेतला आणि जोडायला जागाच नाही! काटकोनी अडॅप्टर आणला, तो बसला पण तिरका, पंधरा दिवसांनी आवाज तुटायला लागला. मग टीव्ही खाली उतरवायचा, वीस-बावीस किलोचा पातळ पत्रा दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून, आणि परत चढवायचा. हे मी चार महिन्यांत पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी मेहुण्याला बोलवावं लागलं, आणि प्रत्येक वेळी स्क्रीनला अंगठा लागेल या भीतीने घाम फुटला. साइडचा एकच पोर्ट, त्यात सेटटॉप बॉक्स, लॅपटॉप लावायचा तर बॉक्स काढा. ज्या टीव्हीसाठी दोन महिने अभ्यास केला तो एका लोखंडी पट्टीमुळे वापरता येत नव्हता.

आणि मग तो रात्रीचा काळोख.

खरं तर महिनाभर आधीच वर डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग काळसर दिसायला लागला होता. पांढऱ्या स्क्रीनवरच कळायचा, म्हणून मी दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करू नका, तेव्हाच फोटो काढून तक्रार नोंदवा, तारखेला किंमत असते. कंपनीचा टेक्निशियन आला, टीव्ही चालू करून बघितला आणि दोन मिनिटांत म्हणाला पॅनल गेलं. मी त्याला टॉर्च दाखवला. त्यानेही बघितलं, मान्य केलं की चित्र आहे, आणि मग मागचं कव्हर उघडलं. वरच्या डाव्या भोकातला माउंटचा स्क्रू गरजेपेक्षा लांब होता. तो आतला पत्रा ढकलून एलईडीच्या पट्टीला टेकला होता. या पट्ट्यांवरचे एलईडी एकामागे एक मालिकेत जोडलेले असतात, एक तुटला की अख्खी ओळ जाते, आणि बऱ्याच टीव्हीत मग सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी पूर्ण बॅकलाइटच बंद करतं. म्हणून आवाज आहे आणि चित्र नाही.

टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये वॉलमाउंटच्या स्क्रूचा तक्ता असतो, कुठल्या साइजला एम६ की एम८, किती मिलिमीटर आत गेला पाहिजे, भोकांमधलं अंतर किती, माझ्या टीव्हीला ४०० बाय ३००. फिटिंगवाल्याने माउंटच्या पाकिटात आले ते स्क्रू कसले आणि निघून गेला. मी समोर उभा होतो, स्पिरिट लेव्हल बघत होतो, स्क्रू नाही बघितले.

जॉबशीटवर, म्हणजे तपासणीच्या कागदावर, टेक्निशियनने लिहिलं 'बाहेरील माउंटमुळे फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही'. मला राग आला, पण शांतपणे विचार केल्यावर पटलं की त्याचं बरोबर आहे. टीव्हीत दोष नव्हता. राग दुकानावर काढायला हवा होता, आणि दुकान सुरुवातीला म्हणालं, माउंट आम्ही भेट दिला होता, भेटीला वॉरंटी नसते, फिटिंग करणारा आमचा नोकर नाही, बाहेरचा आहे. पाच आठवडे हेच चाललं. फोनवर एक बोलायचे, समोर गेलं की दुसरं. शेवटी बिलाची कॉपी, जॉबशीट, उघडलेल्या टीव्हीचे आणि स्क्रूचे फोटो, मॅन्युअलचं ते पान, असं सगळं एका लेखी तक्रारीला जोडून दिलं आणि पोच घेतली. बिलावर 'वॉलमाउंट व फिटिंग दुकानातर्फे' असं त्यांच्याच सहीशिक्क्यानिशी होतं, तिथे त्यांचं बोलणं संपलं. 'बाहेरचा माणूस' हे मग टिकेना.

सर्व्हिस सेंटरने आधी पूर्ण पॅनल असेंब्लीचं कोटेशन दिलं होतं, ते टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होतं. एलईडीच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात का हे लेखी विचारलं, तर मिळाल्या. खर्च असेंब्लीच्या मानाने किरकोळ, तो दुकानाने भरला. हे मात्र त्यांच्या बाजूने लिहायला पाहिजे की एकदा मान्य केल्यावर टाळाटाळ केली नाही, आणि मॅनेजरने स्वतः फोन करून काम झालं का विचारलं.

एक्स्टेंडेड वॉरंटी मी नाकारली होती, त्यावरून घरात थोडं झालं. पण तिची पुस्तिका नंतर वाचली, त्यात फिटिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलंच होतं, त्यामुळे तो निर्णय मला अजूनही चुकीचा वाटत नाही. घ्यायचीच असेल तर पॅनल आणि बॅकलाइट ही नावं त्यात लिहिलेली आहेत का एवढं बघून घ्या.

आज घासाघीस करायला बसलो तर २२ टक्क्यांवरच हात मिळवेन आणि उरलेला पाऊण तास बाकीच्या गोष्टींवर घालवेन. माउंट फिरत्या हाताचा द्या, नाहीतर मी माझा आणतो आणि तेवढे पैसे भावातून कमी करा. स्क्रू मॅन्युअलप्रमाणे लावणार हे बिलावर लिहा. घरी आल्यावर बॉक्स माझ्यासमोर उघडायचा, टीव्ही चालू करून पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी स्क्रीन लावून दाखवायची आणि मगच डिलिव्हरीवर सही. सदोष निघाला तर किती दिवसांत बदलून देणार तो आकडा लिहा. माउंट सोडला तर यातल्या एकाही गोष्टीला दुकानदाराला जास्त पैसे लागत नाहीत, म्हणून तो पटकन हो म्हणतो, मी नंतर मेहुण्याच्या खरेदीच्या वेळी करून बघितलं.

दुरुस्तीला आता तीन आठवडे झाले. नवीन माउंट मी स्वतः पैसे देऊन घेतला, दोन हातांचा, टीव्ही भिंतीपासून चाळीस सेंटीमीटर पुढे येतो आणि बाजूला वळतो. स्क्रू मॅन्युअलच्या मापाचे, मोजून, मध्ये अंतर राखणारे स्पेसर लावून. साउंडबारची केबल सरळ बसलीये, आवाज एकदाही तुटलेला नाही. काल लॅपटॉप लावला, टीव्ही एका हाताने पुढे ओढला, केबल खोचली, परत ढकलला. मेहुण्याला बोलवावं लागलं नाही.