कधीच न उघडणारा एअर व्हेंट

वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसीत आमचा मोरंबे आणि सरबते तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. गेल्या वर्षी ऐन कैरीच्या हंगामात तेथील वाफेच्या जॅकेटची, म्हणजे दुहेरी भिंतीच्या पोकळीत वाफ सोडून तापवायची कढई पन्नास मिनिटांऐवजी दीड तास घेऊ लागली. दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीने जॅकेटमध्ये हवा अडकते असे निदान केले आणि ते अगदी खरे होते; बहुधा म्हणूनच त्याच्या पुढच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला.

रात्री बॉयलर बंद झाला की जॅकेटमधील वाफेचे पाणी होते, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवा ओढली जाते. सकाळी सोडलेली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन निथळते, पण हवा निथळत नाही. ती भिंतीलगत साचत जाते आणि मागून येणाऱ्या वाफेला त्या थरातून वाट काढावी लागते. वाफेत आकारमानाने अर्धा टक्का हवा असली तरी भिंतीला मिळणारी उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते, हे अमेरिकी रसायन अभियंता डोनाल्ड ऑथमर यांनी १९२९ सालीच दाखवले होते.

मिस्त्रीने स्वयंचलित एअर व्हेंट बसवून १४,००० रुपये रोख घेतले. असा व्हेंट थंड असताना उघडा राहून हवा सोडतो आणि वाफेच्या तापमानाजवळ पोहोचताच मिटतो. त्याने मात्र तो मला कढई पूर्ण तापल्यावरच दाखवला. "पाहा साहेब, जराही वाफ गळत नाही," असे तो म्हणाला. बुजवलेल्या नळीतूनही वाफ गळत नाही, हे मला तेव्हा सुचले नाही.

वेळ कमी होईना, तेव्हा क्षार साचल्याचे सांगून आम्लाने धुण्याचे आणखी ९,००० त्याने नेले. अखेर मी दाब आणि तापमान एकत्र पाहिले. गेजवर २ बार होते, म्हणजे बाहेरच्या हवेचा सुमारे १ बार धरून एकूण (निरपेक्ष) ३ बार. निव्वळ वाफ असती तर १३३ अंशांच्या वर तापमान हवे होते, पण जॅकेटच्या दूरच्या टोकाला १२४ अंशच भरले. गेज वाफेचा आणि हवेचा मिळून दाब दाखवते. १२४ अंशांना वाफेचा स्वतःचा दाब सुमारे २.२५ बार असतो, म्हणजे तेथे चौथा हिस्सा हवाच होती.

व्हेंट खोलला, तर आत तापल्यावर भोक मिटवणारे कॅप्सूल नव्हतेच आणि भोक पितळेच्या तुकड्याने बुजवलेले होते. बिलावर 'फिटिंग, १ नग' एवढेच लिहिलेले, त्यामुळे तक्रारीला आधार उरला नाही. कोणी व्हेंट बसवून दिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड कढईत वाफ सोडताना त्याच्यापाशी उभे राहावे आणि पैसे त्यानंतरच द्यावेत. आमचा नवा व्हेंट रोज पहिली काही मिनिटे फुसफुसतो, मग गप्प होतो.