गाव हादरलं, आपण परदेशात: पैसे पाठवायचे कुठल्या वाटेने?

भूकंपाची बातमी आली की परदेशातल्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर दिवसभरात चार-पाच क्यूआर कोड येऊन पडतात. एक गावच्या तरुण मंडळाचा, एक मुख्यमंत्री निधीचा, एक कुठल्याशा ट्रस्टचा. त्यातच चुलतभावाचा मेसेज: घर गेलं, जमेल तसं पाठव. पैसे द्यायचे हे तर ठरलेलंच असतं, घोडं अडतं ते कुणाला आणि कधी या प्रश्नावर. तिथे अडलेल्यांसाठी हा आढावा.

मुख्य उदाहरण लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं (१९९३) घेतलंय. तिथे काय टिकलं आणि काय नुसतंच उभं राहिलं, हे तीस वर्षांनंतर आज जाऊन बघता येतं. जोडीला कच्छ (२००१) आणि नेपाळ (२०१५), कारण परदेशातल्या पैशाचा खरा कस तिथे लागला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्याच दिवशी गणपती बोळवलेले, माणसं दमून झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. रिश्टरवर आकडा ६.२ च्या आसपास, जगातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत बसणारा नव्हे. मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाचं, दर पावसाळ्याआधी थर चढत गेलेलं मातीचं ओझं. म्हणून मी प्रत्येक वाटेला एकच प्रश्न विचारतो: या वाटेने गेलेल्या पैशाने पुढची भिंत उभी राहील ती पुन्हा माणसावर पडणारी, की न पडणारी?

थेट घरच्यांना

वेगात याला तोड नाही. नेपाळच्या अर्थव्यवस्थेत परदेशातून येणाऱ्या पैशाचा वाटा पाव हिश्शाहून अधिक. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी काही काळ शुल्कही माफ केलं होतं. ताडपत्री, औषध, दहावा-तेरावा, दुभत्या जनावराचा चारा, यातलं आधी काय लागतं ते घरातल्या बाईला ठाऊक असतं, न्यू जर्सीतल्या मंडळाला नसतं. रोख रक्कम हातात पडली की सावकाराकडे जावं लागत नाही, हा मोठा फायदा.

तोटा उघड आहे. ज्याचं कुणी बाहेर आहे त्यालाच हे पैसे मिळतात. गावात सगळ्यात कच्चं घर ज्याचं, त्या भूमिहीन मजुराचा मुलगा दुबईत नसतो, फार तर ऊसतोडीला गेलेला असतो. नेपाळने आणखी एक गोष्ट दाखवली: पैसे आले, पण बांधायला हात नव्हते. कर्ती पोरं कतार-मलेशियात आणि गावात म्हातारे, बायका, लेकरं. गवंडी मिळेना, मिळाला तर दाम चढलेले.

कायद्याचं थोडं. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं यांना बँकेतून पाठवायला अडचण नाही. परदेशी नागरिक झालेल्या नातेवाइकाकडून वर्षाला दहा लाखांपर्यंत आले तरी घेणाऱ्याला केंद्राला कळवावं लागत नाही (ही मर्यादा २०२२ मध्ये एक लाखावरून वाढवली). चुलतभाऊ मात्र, आपण कितीही सख्खा मानला तरी, आयकराच्या व्याख्येत नातेवाईक नाही. त्याला वर्षाला पन्नास हजारांहून जास्त भेट दिली तर ती त्याच्या उत्पन्नात धरली जाते. काकांनी पुतण्याला दिलेली भेट चालते, पुतण्याने काकांना दिलेली नाही. त्यामुळे पैसे काकांच्या खात्यावर टाकूनही हा प्रश्न सुटत नाही.

सरकारी निधी

भावनेला यातून फार काही मिळत नाही. तुमचा पैसा तुमच्याच गावाला जाईल याची हमी नाही, पावतीपलीकडे काही कळत नाही. तरीही ही वाट झटकून टाकू नये, कारण सरकारशिवाय कुणाला न पेलणारी कामं असतात. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसन कार्यक्रम झाला त्यात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्याहून कमी बोललं जातं ते हे की, नुकसान कमी झालेल्या दोन हजारांहून जास्त गावांत जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. एवढा पसारा कुठलंही मंडळ उचलू शकत नाही.

परदेशी पासपोर्ट असणाऱ्यांसाठी एक बदल कामाचा आहे: महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला २०२५ मध्ये परदेशी देणग्या घेण्याची परवानगी मिळाली.

संस्था

इथे सगळ्यात आधी आपला पासपोर्ट बघायचा. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही कुठेही राहत असा, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ‘परदेशी’ ठरत नाही. गावातल्या छोट्या नोंदणीकृत संस्थेलाही देता येते. पासपोर्ट अमेरिकी किंवा ब्रिटिश असेल, भले ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) खिशात असो, तर ती परदेशी देणगी. ती एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यावर. तरुण मंडळाच्या क्यूआर कोडवर टाकलेले तुमचे डॉलर उद्या त्या पोरांच्याच अंगाशी येऊ शकतात. हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं, त्यांना बहुधा माहीत नसतं.

२०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे ‘मुंबईतली मोठी संस्था घेईल आणि गावातल्या छोट्या गटाकडे पोहोचवेल’ ही जुनी पद्धत बंद. म्हणून संस्थेला विचारायचा प्रश्न एकच: तुमची स्वतःची माणसं त्या तालुक्यात आहेत का, आणि दोन वर्षांनी असतील का?

करसवलत हवी असेल तर राहता त्या देशात नोंदलेली संस्था शोधावी लागते. अमेरिकेत महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्था त्यासाठी आहेत. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने तिथल्या नोंदणीकृत संस्थेला गिफ्ट एडखाली दिलं तर सरकार प्रत्येक पौंडामागे पंचवीस पेन्स वर घालतं. पण नुसत्या सवलतीपायी ज्या संस्थेचा त्या भागाशी संबंध नाही तिला पैसे देणं मला पटत नाही.

किल्लारी परिसरात दीर्घकाळ टिकलं ते बघा. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. ज्ञान प्रबोधिनी हराळीला गेली आणि तिथे निवासी शाळा उभी राहिली. स्वयम् शिक्षण प्रयोगने दुरुस्तीच्या गावांमध्ये बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं: अनुदानाचा हप्ता कधी, भिंतीत काय घालायचं, इंजिनिअरला काय विचारायचं, हे घरोघरी समजावणाऱ्या गावच्याच बायका. कच्छचा भूकंप झाल्यावर लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या. तिन्ही कामांत पहिल्या आठवड्याचं धान्यवाटप कुणाला आठवत नाही. पुढची वर्षं आठवतात.

गाव दत्तक घेणं

मंडळाच्या बैठकीत ही कल्पना हमखास येते. सगळ्यांनी मिळून एक गाव घ्यायचं, कमान उभारायची, नाव कोरायचं. माझं मत सरळ सांगतो: घरं बांधून देण्याच्या अर्थाने दत्तक घेऊ नका.

किल्लारीच्या नव्या गावांत काय झालं? आखीव चौकोनी रस्ते, एका ओळीत सारखी घरं. घराचा आकार जमिनीवर ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. जुन्या गावात वाडे आणि खोपटी गल्लीबोळांत एकमेकांना टेकून होती. नव्यात कुणाची किती जमीन हे रस्त्यावरूनच वाचता यायला लागलं. कडबा कुठे रचायचा, बैल कुठे बांधायचा, पावसात बाईने कुठे बसून निवडायचं-टिपायचं, याची उत्तरं नकाशात नव्हती. गावठाण जुन्याच्या कितीतरी पट पसरलं, आणि तेवढ्या लांबीच्या नळाची, दिव्यांची, गटारांची देखभाल आली त्याच जुन्या ग्रामपंचायतीच्या गळ्यात. देणगीदार कमानीचं उद्घाटन करून गेले होते. मग लोकांनी आपलं आपण घर वाढवायला घेतलं, भिंती ओढल्या, पत्रे टाकले. त्या वाढीव भागावर इंजिनिअरची नजर पडलेली नव्हती.

कच्छमध्ये शहाणपण आलेलं दिसतं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत बहुतेक ठिकाणी सरकारने घर बांधून न देता हप्त्याहप्त्याने पैसे दिले. पायाची, मग भिंतींभोवती फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याची तपासणी झाली की पुढचा हप्ता. जागा आपली, आराखडा आपला, गवंडी आपला. पुढे झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, ठेकेदाराने दूर नव्या जागी बांधलेल्या घरांपेक्षा स्वतः बांधलेल्या घरांत लोक कितीतरी समाधानी आढळले. काही गावांनी तर दत्तक जायला चक्क नकार दिला होता.

भुजभोवतीच्या लेवा पटेलांच्या गावांचं उदाहरण सगळे देतात. माधापर, बळदिया इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या केनियात आणि ब्रिटनमध्ये, गावच्या बँकांत त्यांच्या ठेवी, भुजला समाजाचं रुग्णालय. तिथे परदेशी पैशाने काम झालं कारण समाजाची यंत्रणा भूकंपाच्या कितीतरी आधीपासून चालू होती. तशी आपल्या तालुक्याची आहे का, हे प्रामाणिकपणे विचारावं. आणि त्याचीच दुसरी बाजू: कच्छमध्ये मदत बऱ्याचदा जातीच्या आणि पंथाच्या रेषांवरून वाहिली. आपल्या मंडळाची गावातली ओळखही बहुधा एकाच आळीपुरती असते. मंडळाला एकत्रच काही करायचं असेल तर चालू शाळेला, दवाखान्याला पाच वर्षांचा पगार-खर्च द्या. त्याची कमान होत नाही, हे कबूल.

कपडे, खोकी, कंटेनर

नको. जुन्या कपड्यांचे ढीग प्रत्येक भूकंपानंतर रस्त्याकडेला भिजतात. कंटेनर पोहोचेपर्यंत गरज बदललेली असते, आणि तेवढ्या भाड्यात लातूरच्या बाजारात दुप्पट माल येतो.

स्वतः जाणं

पहिल्या आठवड्यात गेलात तर तुमची जेवणाची सोय कुणालातरी करावी लागेल. किल्लारीला मदतीला आणि नुसतं बघायला आलेल्यांनी रस्ते तुंबले होते, वर पाऊस. घरात मयत झाली असेल तर जाणारच, तो प्रश्न वेगळा. डॉक्टर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, तेही मराठी बोलणारे आणि एखाद्या संस्थेने बोलावलेले, यांनी जरूर जावं. बाकीच्यांनी तीन-चार महिन्यांनी रजा काढावी: तेव्हा पंचनाम्यातून नाव सुटलेलं असतं, वारसनोंदीला तलाठी दाद देत नसतो, आणि सोबत बसून अर्ज लिहिणारं माणूस खरोखर लागतं.

मग किती, कुणाला?

रक्कम छोटी असेल, म्हणजे महिन्याच्या पगारातून निघणारी, तर फार फाटे न फोडता घरच्यांना द्या आणि शेजारच्या एका बिन-परदेशी घराचं नाव त्यांनाच विचारून त्यालाही द्या. मोठी असेल तर पहिल्या महिन्यात तिसऱ्या हिश्शाच्या वर हात लावू नका. पहिल्या महिन्यात देणाऱ्यांची रांग असते, दुसऱ्या वर्षी कुणी नसतं, आणि घर दुसऱ्या वर्षीच बांधलं जातं.

त्या उरलेल्या पैशाची जागा नेपाळने नेमकी दाखवली. तिथे सरकारी अनुदान तीन लाख नेपाळी रुपयांचं, तीन हप्त्यांत: आधी पन्नास हजार, पाया तपासल्यावर दीड लाख, मग उरलेले एक लाख. कागदावर चोख. पण पन्नास हजारांत पाया होत नव्हता, आणि पाया झाल्याशिवाय दीड लाख मिळत नव्हते. गरीब घरं तिथेच अडकली, किंवा चढ्या व्याजाने पैसे उचलून पुढे सरकली. अशा दोन हप्त्यांच्या मधली खिंड भरायला बाहेरचा पैसा सगळ्यात उपयोगी: कुटुंबाला बिनव्याजी द्यायचा, सरकारी हप्ता आला की परत घ्यायचा, आणि तोच पुढच्या घराला फिरवायचा. गावातला बायकांचा बचत गट हे हिशेब तुमच्या मंडळापेक्षा चोख ठेवतो.

चुलतभावाच्या घरालाही हाच नियम लावा. एकरकमी देऊ नका. दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा भरायच्या आधी सळया दिसतील असा फोटो मागवा, तो एखाद्या ओळखीच्या इंजिनिअरला दाखवा, आणि पुढचा हप्ता त्यानंतरच सोडा. विश्वास नाही का म्हणून भाऊ रुसेल. रुसू द्या.