निवाऱ्याचा हक्क: मॅसॅच्युसेट्स की न्यूयॉर्क शहर?

घर सुटलं की पहिला प्रश्न असतो, आज रात्री कुठे? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्य आणि न्यूयॉर्क शहर या दोन ठिकाणी निवारा हा हक्क आहे. या दोहोंतून निवडायचं असेल तर त्याआधी एक बघा: सोबत मूल आहे का?

मॅसॅच्युसेट्समध्ये सगळं त्यावरच अडतं. तिथला १९८३ चा कायदा २१ वर्षांखालचं मूल असलेल्या कुटुंबाला आणि गरोदर बाईला निवारा देतो. एकट्या माणसाला त्यात जागा नाही. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ११५ टक्क्यांच्या आत हवं आणि घर सुटण्याचं कारणही बसायला हवं: आग, पूर, आपली चूक नसताना घरमालकाने काढणं, घरातली मारहाण. खोली राज्यात कुठेही मिळते. शाळा बॉस्टनला आणि मुक्काम भलतीकडे, असंही होतं.

विधिमंडळाने दिलेला हा हक्क अलीकडे आकसत चाललाय. २०२३ मध्ये सरकारने ७,५०० कुटुंबांची मर्यादा घातली, बाकीची प्रतीक्षायादीत गेली. २०२४ मध्ये मुक्कामाला नऊ महिन्यांची मुदत आली. २०२५ मध्ये ती सहावर आली आणि मर्यादा ४,००० वर आणायचं ठरलं.

न्यूयॉर्कचा हक्क कोर्टातून आलाय. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेचं सतरावं कलम गरजूंना आधार देण्याचं बंधन घालतं. त्यावर बोट ठेवून रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने १९७९ मध्ये बेघर पुरुषांसाठी दावा लावला आणि १९८१ मध्ये शहराने निवाऱ्याची हमी कोर्टात लिहून दिली. स्त्रिया आणि कुटुंबं पुढच्या दाव्यांतून आली. एकट्यालाही खाट मिळते. फक्त २०२४ च्या कोर्टातल्या तडजोडीने परदेशातून नव्याने आलेल्या, मुलं सोबत नसलेल्या प्रौढांना ती साधारण ३० दिवसच मिळेल असं ठरलं होतं.

मुलं असलेल्या कुटुंबाला मात्र शहराच्या ब्राँक्स भागातल्या ‘पाथ’ या अर्ज घेणाऱ्या केंद्रात गेल्या दोन वर्षांत कुठेकुठे राहिलात ते सांगावं लागतं. चौकशी चालू असताना तात्पुरती खोली देतात, पण ‘बहिणीकडे राहता येईल’ असं तिथल्या अधिकाऱ्यांना वाटलं की अर्ज फेटाळतात. बहिणीच्या एका खोलीत आधीच पाच माणसं असतील, तर तिच्याकडून तसं लिहून घेऊन जा.

म्हणून माझ्या मते, मूल आहे आणि मॅसॅच्युसेट्समध्येच राहता, तर अर्ज तिथेच करा. निवाऱ्याऐवजी भाड्याला मदत देणारी ‘होमबेस’ योजनाही विचारा. मूल नसेल तर न्यूयॉर्क. मारहाणीतून निघाला असाल तर दोन्हीकडे पत्ता गुप्त ठेवणारे वेगळे निवारे आहेत, पहिला फोन तिथे.