बाराशे रुपयांचा नावांचा रिपोर्ट आणि आमची तारा

धाकट्या भावाला मुलगी झाली. बाळाला आत्या मी एकटीच, म्हणजे पाळण्यात नाव सांगायचा मान माझा. बाळ दोन दिवसांचं होतं तेव्हाच भावाने दवाखान्यातल्या बाकावर बसून मोबाईलवरून एका नामकरण सेवेला 1,200 रुपये भरून टाकले. 'जन्मवेळेनुसार अस्सल संस्कृत नावे, अर्थ आणि लोकप्रियतेसह' अशी जाहिरात होती. सेवेचं नाव लिहीत नाही. अशा बऱ्याच सेवा निघाल्यात. पैसे भरायच्या आधी कुणीतरी हे वाचावं म्हणून लिहिते.

मला यातलं काय कळतं, असं कुणी विचारेल. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच बाळंतविडे शिवते. कुंची, झबली, दुपटी, पाळण्याची झालर. गांधीनगरहून मलमलीचा ताका आणायचा, दोनदा धुऊन मऊ करायचा आणि मग कात्री लावायची. कुंचीवर बाळाचं नाव भरून देते, तेही हाताने. एकोणीस वर्षं झाली. प्रत्येक नाव आधी वहीत लिहिते आणि पुढे गिऱ्हाइकाची सही घेते, कारण भरलेलं नाव उसवलं की मलमलीला भोकं राहतात. त्यामुळे आमच्या भागात कुठल्या साली कुठलं नाव चाललं, ते माझ्या वह्यांत सापडतं.

रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी आला. चौदा पानं, कडेने कमळांची नक्षी. नक्षत्र स्वाती, चौथा चरण, रास तूळ, अक्षर 'ता'. हे बरोबर होतं. स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता. आमच्या भटजींनीही पंचांग बघून तेच सांगितलं. फोन केला तर पलीकडची मुलगी अदबीने बोलली. इथपर्यंत तक्रार नाही.

नावांच्या पानांवर मात्र माझा जीव तुटला. पहिलंच नाव 'ताश्वी', अर्थ 'विजयी लक्ष्मी'. आमच्या गल्लीत संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक राहतात. रिपोर्टची प्रिंट घेऊन मी त्यांच्याकडे गेले. सरांनी वामन शिवराम आपट्यांचा कोश काढला, चष्मा चढवला, बोट ओळींवरून खाली नेलं आणि म्हणाले, "यात नाही, ताई." मग मोनियर विल्यम्सचा जाडजूड कोश उघडला. त्यातही नाही. नवं नाव घडवायला माझी हरकत नाही. कानाला गोड लागतं म्हणून लोक ठेवतात, मीही अशी कितीतरी नावं आवडीने भरलीत. पण शब्द आपण घडवायचा, त्याला लक्ष्मी चिकटवायची आणि 'अस्सल संस्कृत' म्हणून पैसे घ्यायचे, हे बरं नव्हे. उद्या पोरगी आठवीत संस्कृत घेईल, बाईंना आपल्या नावाचा अर्थ विचारेल, तेव्हा काय?

पुढे 'तामसी', अर्थ 'शांत रात्र'. संस्कृतात तामसी म्हणजे रात्र, हे खरं आहे. 'शांत' मात्र त्यांनी पदरचं घातलंय. आणि मराठी घरात तामसी म्हटल्यावर ऐकू येतो तो तापटपणा. वहिनीची आई म्हणाली, "अगं बाई, पोरीनं कुणाचं काय घोडं मारलंय?" 'ता' आवडलं नाही तर म्हणून खाली 'ते'ची नावं दिली होती, त्यात मुलीसाठी 'तेजस्वी'. संस्कृतात ते पुल्लिंगी, मुलीसाठी तेजस्विनी. मराठीत तेजस्वी, यशस्वी, मनस्वी ही मुलींची नावं छान रुळलीत, मीच भरून दिलीत. पण अस्सल संस्कृतची पाटी लावणाऱ्याला एवढं माहीत हवं. एक 'ताम्रपर्णी' तेवढं मला मनापासून आवडलं. आमच्या चंदगडकडची नदी ती. पण अर्थ दिला होता 'दक्षिणेतील नदी', एवढाच.

आणि सातव्या पानावर, तळाला, एका ओळीत: 'तारा. चांदणी, देवी.' पुढे लोकप्रियतेची टक्केवारी. कुणी मोजली, कुठल्या गावात मोजली, कुठल्या साली, काही नाही. फोनवर विचारलं तर, "मॅडम, आमच्या टीमचं संशोधन आहे." कुठला कोश वापरता विचारलं, तर त्यांनी मेल करायला सांगितलं. मेलला उत्तर आलं नाही.

त्या एका ओळीत काय काय राहिलं, ते सरांच्या ओसरीवर तासभर बसल्यावर कळलं. तारा म्हणजे आकाशातला तारा, तसंच डोळ्यातली बाहुलीही. वेदात ताऱ्याला 'स्तृ' म्हटलंय. फारसीतला सितारा, इंग्रजीतला स्टार ही सगळी एकाच घराण्यातली. दुसरा अर्थ 'तॄ' या धातूवरून, तरून जाणं, तारून नेणं. बौद्ध लोक तारादेवीला पुजतात ते तारणारी म्हणून. देवीची दहा रूपं, म्हणजे दहा महाविद्या, त्यांत कालीनंतर तारा येते. रामायणात वालीची बायको तारा. सुग्रीव दुसऱ्यांदा आव्हान द्यायला आला तेव्हा, "आता जाऊ नका, त्याच्या पाठीशी कुणीतरी आहे," असं तिनेच वालीला बजावलं होतं. त्याने ऐकलं नाही. माझी आजी सकाळी अंथरुणातच 'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा' म्हणायची. लहानपणापासून ऐकलेल्या ओळीत हे नाव होतं आणि मी कधी थांबून त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

आणि कोल्हापूरच्या माणसाला तारा हे नाव देताना ताराराणीचा उल्लेख नाही, हे मला फार लागलं. पत्ता तर भावाने फॉर्मात भरला होता. 1700 साली राजाराम महाराज गेले, तेव्हा हंबीरराव मोहित्यांची ही लेक जेमतेम पंचविशीची. तिथून 1707 मध्ये औरंगजेब मरेपर्यंत मराठ्यांची लढाई तिने चालवली. करवीरची गादी तिची. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेली ताराराणी येता-जाता दिसते, तरी आपल्या घरातल्या पोरीला तारा म्हणायला आम्हाला चौदा पानांचा रिपोर्ट लागला. शेजारच्या सांगलीच्या तारा भवाळकर बाई 2025 मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे, बालशिक्षणाच्या ताराबाई मोडक. नावाचा अर्थ सांगायचा तर या बायकाही त्यात आल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

लोकप्रियतेचं मी माझ्या वह्यांवरून सांगते. सुरुवातीच्या वह्यांत साक्षी, वैष्णवी, श्रावणी, सानिका यांची रांग. नंतर आरोही, स्वरा, अन्वी, शिवन्या, ओवी. तारा पहिली बारा वर्षं एकदाही नाही. तेव्हा ते आज्यांचं नाव होतं, ताराबाई, तारामती, नऊवारीतलं. मग एकदा आलं, पुण्यात नोकरी करणाऱ्या जोडप्याकडून. गेल्या दोन वर्षांत चार. मागणारे सगळे तेच सांगतात: दोन अक्षरं, अर्थ समजवावा लागत नाही, परदेशातल्या नातेवाइकांनाही नीट म्हणता येतं. पणजीचं नाव म्हणून ठेवणारंही एक घर होतं. नाव एक पिढी झोपतं आणि नातवंडांच्या वेळी जागं होतं, असं मला या वह्या चाळताना वाटतं.

आमच्याकडे विरोध झाला. वहिनीची आई म्हणाली, "हरिश्चंद्राच्या तारामतीनं किती सोसलं, ते नाव नको." भाऊ म्हणाला, "आक्का, जुनं वाटतंय गं." मी दोघांना सरांकडे घेऊन गेले. बाहुलीचा अर्थ ऐकला आणि वहिनीच्या आईचे डोळे भरून आले. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. स्वाती हा स्वतःच आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांपैकी एक, त्यामुळे स्वातीवर जन्मलेल्या मुलीचं नाव तारा, हे भावालाही पटलं.

तेव्हा रिपोर्टला माझे पाचपैकी दोन. एक गणित बरोबर आल्याचा, एक वेळेत दिल्याचा. नुसतं नक्षत्र आणि अक्षर हवं असेल तर ते भटजी पंचांगातून दोन मिनिटांत सांगतात. अर्थासाठी पैसे भरणार असाल, तर आधी फोन करून विचारा की अर्थ कुठल्या कोशातून घेता. पुस्तकाचं नाव सांगता आलं नाही तर भरू नका. आपटे कोश वाचनालयात बघायला मिळतो आणि जुने संस्कृत शिक्षक असल्या कामाला कधी नाही म्हणत नाहीत. सरांनी माझ्याकडून फक्त चहा घेतला.

कुंची मी चार रात्री बसून भरली. दोन अक्षरांचं नाव सोपं वाटतं, पण 'रा' फसवतो. र ची शेपटी जरा आखडली की तो 'ग' दिसतो आणि तारा वाचली जाते ताग. माझं पहिल्यांदा तेच झालं. उसवलं, भोकं राहिली, तो तुकडा बाजूला टाकून नवा घेतला. दुसऱ्या वेळी र ची शेपटी खाली चांगली लांबवली, काना एक दोरा दूर घेतला आणि दोन्ही अक्षरांवरची रेघ एकाच धाग्यात, न तोडता भरली. सुताऐवजी रेशीम घेतलं, पिवळसर पांढरं. वहीत नाव लिहून भावाचीही सही घेतली.

बाराव्या दिवशी घुगऱ्या वाटून झाल्या. मी पाळण्यात वाकून तिच्या कानात हळूच 'तारा' म्हटलं, तेव्हा ती गाढ झोपेत होती. मागून चौघींनी माझ्या पाठीत धपाटे घातले, त्या आवाजाने जागी झाली आणि तारसप्तकात रडायला लागली.