जिप्सम सीलिंगच्या नावाखाली कसा चुना लावतात ते वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं सध्या घर बांधायलेल्या लोकांनी हे वाचाच, त्यातल्या त्यात फॉल सीलिंग, म्हणजे स्लॅबच्या खाली पत्र्याची फ्रेम टांगून तिला जिप्समच्या शीट मारून केलेलं दुसरं छत, करून घ्यायचा विचार असेल तर. ह्या कामातली फसवणूक शीटमध्ये कमी आणि शीटच्या वर जास्त असते, आणि एकदा शीट मारून पुट्टी आणि रंग झाला की वर काय घातलंय ते करणाऱ्यालाच ठाऊक.

आमचं घर वडगावकडं. कॉन्ट्रॅक्टर ओळखीच्या ओळखीतून आला, मराठी कन्नड दोन्ही फाडफाड बोलणारा, मोबाईलमध्ये गोव्याच्या हॉटेलांचे फोटो, आणि तोंडात साखर. "काका, काय पण टेन्शन घेऊ नका वो, आपलंच घर समजून करतो." रेट ९५ रुपये स्क्वेअर फूट, सगळं मटेरियल नावाजलेल्या कंपनीचं, बाथरूमला ओलीत टिकणारी हिरवी शीट आणि तिचा रेट वेगळा चढा. कंपनीचं नाव ठोकलेले चार-पाच जीआय सेक्शन, म्हणजे फ्रेमच्या पत्र्याच्या पट्ट्या, दारात आणून ठेवले, हात लावून बघा म्हणाला, बघितले, चांगलेच होते. नंतर कळलं की तेवढेच काय ते खरे होते, ते हॉलच्या पुढच्या बाजूला लावले आणि आत सगळा बिननावाचा माल. आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात, फ्रेम बघायला गेलं की "आत धूळ हाय काका, डोळ्यात जाईल, उद्या या," आणि उद्या गेलं तर शीट मारून मोकळे.

मे महिन्यात रंग झाला, दिसायला एकदम झकास. जुलैच्या पावसात छताला भेगा आल्या, आणि त्या भेगा वेड्यावाकड्या नव्हत्या, फूटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ होत्या. जिप्समची शीट साधारण ६ बाय ४ फुटाची, साडेबारा मिलिमीटर जाडीची येते, भेगा बरोबर त्याच मापावर, खाली उभं राहून कुठली शीट कुठं आहे ते मोजता येत होतं. शीटच्या लांब कडा मुद्दाम जरा पातळ ठेवलेल्या असतात, तिथं जॉइंटिंग कंपाउंड भरून त्यावर कागदी टेप दाबायची आणि वाळेल तसे वरून आणखी हात मारायचे, अशी पद्धत आहे. आमच्याकडं टेपचा पत्ताच नाही, भिंतीची साधी पुट्टी सांध्यात कोंबून वर रंग. फोन केला तर म्हणे "पावसाळ्यात हवा लागते काका, सगळ्यांच्याच घरात येतंय, दिवाळीला एक हात मारून देतो." खोटं आहे हे, सांधा नीट केला असेल तर एका पावसात अशा सरळ रेघा उमटत नाहीत.

आता छत न फोडता वरचं कसं कळायचं? माझा मेहुणा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, त्यानं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि शिडीवर चढून छताला लावून फिरवायला लागला. जिथं स्क्रू तिथं चुंबक चिकटतं, तिथं पेन्सिलनं टिंब करायचं. टिंबांच्या ओळी म्हणजे वरचे सेक्शन, दोन ओळींतलं अंतर दीड फुटाच्या आसपास पाहिजे, आमच्याकडं पुढची बाजू सोडली तर अडीच फूट निघालं. मग एक एलईडी लाईट काढून त्या भोकातून मोबाईल वर घालून व्हिडिओ काढला. स्लॅबला ड्रिल करून क्लीट (स्लॅबला बसवायचा लोखंडी तुकडा) आणि अँगलच्या पट्टीनं फ्रेम टांगायला पाहिजे, तिथं खिळ्याला बांधलेली तार! एका कोपऱ्यात पोट आलंच होतं, तो भाग उतरवला, सेक्शन हातात घेतला तर दोन बोटांनी दुमडला. मेहुण्यानं मायक्रोमीटर लावला, ०.३ च्या आसपास, चांगल्या कंपनीचा अर्धा मिलिमीटर किंवा वरचाच असतो. नशीब की पंख्याचा हूक स्लॅबलाच होता, ते काम स्लॅब घालताना सेंट्रिंगवाल्यांनी केलेलं.

बाथरूमचं तर विचारूच नका. एक्झॉस्टसाठी कापलेल्या भोकाची कड बघितली तर कागद पांढरा, म्हणजे साधी शीट, बिलात मात्र हिरवीचे पैसे. ती फुगून खाली यायला लागली आहे.

सगळ्यात मोठा हात मारला तो मोजमापात. हॉल १२ बाय १६, म्हणजे १९२ स्क्वेअर फूट. कडेनं दोन फुटाची बॉर्डर खाली आणि मधला भाग वर, अशी डिझाईन. बॉर्डर आणि मधला भाग मिळून १९२च होतात, वर बॉर्डर आणि मधला भाग जोडणाऱ्या उभ्या पट्टीचं माप वेगळं धरतात, ते रास्तच आहे. ह्यानं काय केलं, आधी अख्खा हॉल १९२ लावला आणि मग बॉर्डरचे ९६ परत लावले, म्हणजे एकच छत दोनदा, नुसत्या हॉलमध्ये ९,१२० रुपये जास्त. कागदावर "बॉर्डर" वेगळी ओळ दिसते म्हणून वाचणाऱ्याला वाटतंय काहीतरी वेगळं काम असणार. माप घेताना स्वतः टेप धरा आणि उभ्या पट्टीचं कसं मोजणार ते काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या. शीट मारायच्या आधी फ्रेमचे फोटो, सेक्शनवरचं नाव दिसेल असे, आणि शेवटचा मोठा हप्ता त्यानंतरच. फ्रेम बघू देत नसेल तर सरळ काम थांबवा, काय वाईट वाटायचं ते वाटू दे.

पक्कं बिल मागितलं तर "१८ टक्के जीएसटी वर द्यावा लागेल" म्हणून कच्च्या कागदावर भागवलं होतं. तरी फोनपेच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा रेट आणि तो व्हिडिओ एवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तिथं फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जायचं, वकील पाहिजेच असंही नाही. आधी १९१५ हेल्पलाईनला फोन केला तर पुढचं काय ते नीट सांगतात.

तक्रारीचं कळल्यापासून त्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय, पण मेहुण्याच्या मोबाईलवर त्याचं स्टेटस दिसतंय. गेल्या आठवड्यात आमच्याच हॉलचा मे महिन्यातला फोटो टाकून खाली लिहिलंय, "क्वालिटी वर्क, बुकिंग चालू."