अंदमानचं पॅकेज बुक करताय? बाकीचे पैसे द्यायच्या आधी हॉटेलला स्वतः फोन लावा

नाताळच्या सुट्टीत आम्ही अंदमानला जाऊन आलो आणि कोल्हापुरातल्याच एका टूरवाल्यानं आम्हाला कसं टांगलं ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण आता उन्हाळी सुट्टीची बुकिंग सुरू होतील आणि हा बाबा अजून दुकान उघडून बसलाय. नाव लिहीत नाही, केस चालू आहे, वकिलांनी सांगितलंय नाव कुठं घेऊ नका. तसंही हा जो प्रकार आहे तो उद्या दुसरा कुणीपण करेल त्यामुळं प्रकार नीट समजून घ्या.

आम्ही सहा जण. आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई आणि मामंजी. मामंजींना सेल्युलर जेल बघायचं होतं, सावरकरांची कोठडी बघायची होती, पोरांना बीच पाहिजे होता, म्हणून अंदमान ठरलं. विमानाची तिकिटं आमच्या ह्यांनी स्वतः एअरलाइनच्या साइटवरून काढली, पुणे ते चेन्नई आणि तिथून पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम म्हणायचं, पण तिथले टॅक्सीवाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात). राहिलं हॉटेल, बोटी, गाडी. ते पॅकेज एका ओळखीतल्या माणसाकडून घेतलं. ओळखीतला म्हणजे ह्यांच्या मित्राच्या तालमीतला. राजारामपुरीत ऑफिस, काचेचं दार, आत अंबाबाईचा मोठा फोटो, भिंतीवर काश्मीर, दुबई, थायलंडची पोस्टरं, दोन पोरी कॉम्प्युटरवर बसलेल्या. म्हणजे कुठं इन्स्टावरून कुणी अनोळखी माणसानं गंडवलं असलं काही नाही. चहा पाजून, समोर बसवून फसवलंय.

पॅकेज एक लाख शहाऐंशी हजार, विमान सोडून. पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक आणि नील ही दोन बेटं, आणि परत पोर्ट ब्लेअर. पन्नास हजार ॲडव्हान्स आम्ही क्रेडिट कार्डवर दिला, त्याच्या दुकानाच्या मशीनवर. बाकीचे द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "वैनी, कार्डला दोन टक्के कटतात, जीएसटीचं बिल पाहिजे तर पाच टक्के वर जातील, त्यापेक्षा ह्या नंबरवर जीपे करा, घरचाच नंबर आहे." तो नंबर निघाला त्याच्या बायकोच्या खात्याचा, फर्मचा नाहीच. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर "रिसीव्ह्ड विथ थँक्स" आणि हात जोडल्याची इमोजी. ही सवलत वगैरे काही नसते हो, पैसे फर्मच्या खात्यावर दिसू नयेत म्हणून ही सगळी गोडी. पुढं पोलिसात गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, पैसे फर्मला दिले का बाईला दिले.

मग व्हाउचर आले. प्रत्येक हॉटेलचं वेगळं, रंगीत, लोगोसकट, वर "कन्फर्म्ड" लिहिलेलं, खाली चेक-इन टाइम, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड, सगळं. आता इथं नीट लक्ष द्या. टूरवाला जे व्हाउचर देतो ते हॉटेलनं दिलेलं नसतं, ते त्याच्याच कॉम्प्युटरवर बनतं. धंद्याची साखळी अशी असते की कोल्हापूरचा एजंट पोर्ट ब्लेअरच्या एका लोकल एजन्सीला काम देतो, ती एजन्सी हॉटेल, गाडी, बोट बघते. सीझनला हॉटेलवाले रूम काही दिवस होल्डवर ठेवतात, ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत की सोडून देतात. आमच्या एजंटनं तिथल्या एजन्सीला नुसतं टोकन दिलं होतं. पहिल्या हॉटेलचे आणि पहिल्या बोटीचे पैसे गेले होते, पुढचे गेलेच नव्हते. ह्याला तुम्ही चूकभूल म्हणाल, मी म्हणत नाही. पहिले दिवस चांगले गेले की गिऱ्हाईक निवांत होतं, स्टेटस टाकतं, नातेवाइकांना एजंटचा नंबर देतं. आमच्या सासूबाईंनी तर पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलातून भाचीला फोन करून सांगितलं, फार चांगला माणूस आहे, तुम्ही पण ह्याच्याकडूनच करा.

पोर्ट ब्लेअर मस्तच झालं, ते खोटं कशाला बोलू. सेल्युलर जेलच्या मूळ सात विंगांपैकी तीनच उभ्या आहेत. मामंजी वरच्या मजल्यावर टोकाच्या त्या कोठडीत कितीतरी वेळ उभे होते, गाइड पुढं गेला तरी हलेनात. रॉस बेटावर हरणं अंगाला लागून फिरतात, पोरं खूश. फक्त बारातांग बेटाला गेलो त्या दिवशी थोडं खटकलं. एजंटनं प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं "जारवा आदिवासी दर्शन". ड्रायव्हरला म्हणलं तर तो गाडी बाजूला घेऊन आमच्यावरच चिडला, की असलं काही बोलू पण नका, जारवांच्या जंगलातल्या त्या रस्त्यावर गाड्या पोलिसांच्या कॉन्व्हॉयमध्ये जातात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, गुन्हा आहे तो. खरंच आहे, आणि माणसं काय बघायची वस्तू आहेत का. जो एजंट असलं छापतो त्यानं एकतर अंदमान बघितलेलं नाही नाहीतर त्याला कशाचंच काही वाटत नाही, तुमच्या प्रोग्रॅममध्ये असं काही लिहिलेलं दिसलं तर तिथूनच मागं फिरा.

ह्याच ड्रायव्हरनं हॅवलॉकला निघायच्या आदल्या रात्री ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, साहेब, तुमच्या एजंटचा आमच्या ऑफिसशी पैशावरून वाद चाललाय, पुढचं एकदा विचारून घ्या. भला माणूस. लगेच एजंटला फोन लावला तर, "अहो दादा, ते ड्रायव्हर लोक असंच बोलतात, टिप पाहिजे असती त्यांना, तुम्ही बिनधास्त जावा." सकाळी बोटीत बसलो. बोटीचं तिकीट खरं होतं, त्यामुळं आम्हालापण वाटलं की चला, सगळं बरोबर आहे.

हॅवलॉकच्या जेटीवर आमच्या नावाची पाटी घेऊन कुणीच नाही. रिक्षा करून हॉटेलवर गेलो, रिसेप्शनच्या पोरानं व्हाउचर बघितलं, कॉम्प्युटर बघितला, आणि शांतपणे म्हणाला की ह्या नावानं होल्ड होता, पेमेंट आलं नाही म्हणून रिलीज झाला, आता हॉटेल फुल आहे. नाताळचा आठवडा, दुसरं काय होणार. त्याचा काही दोष नाही, उलट त्यानं सासूबाईंना बसायला खुर्ची आणि पाणी दिलं, आणि आम्ही मागितल्यावर "बुकिंग नाही, पेमेंट मिळालेलं नाही" असं ईमेलवर लिहून पण दिलं. त्या एका ईमेलनं पुढं आमचं निम्मं काम केलं, म्हणून सांगतेय, असं काही झालं तर तिथं भांडत बसू नका, आधी लेखी घ्या.

एजंटची उत्तरं ऐका. आधी "सर्व्हर डाउन आहे". मग "बँकेनं ट्रान्झॅक्शन अडकवलंय, तासात होतंय". मग "आमचा माणूस जेटीवरनं निघालाय". तो माणूस अजून निघालेलाच आहे. मग फोन उचलणं बंद, आणि संध्याकाळी त्याच्या स्टेटसला दुबईचं पॅकेज, लिमिटेड सीट्स.

आता बेटावर असं होणं आणि आपल्याकडं होणं ह्यात फार फरक आहे. तारकर्लीत रूम नाही मिळाली तर माणूस गाडी काढून मालवणला जातो, तिथं नाही तर देवगडला जातो. हॅवलॉकला गाडी काढून कुठं जाणार, चारी बाजूला समुद्र. दुपारनंतरची शेवटची बोट गेली की तुम्ही तिथंच. डिसेंबरात पाच वाजता तिथं सूर्य बुडतो, आपल्या घड्याळाच्या मानानं ते बेट फार पूर्वेला आहे ना, म्हणजे चार वाजता दोन म्हातारी माणसं, दोन पोरं आणि सहा बॅगा घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की कसं वाटतं ते विचारू नका. मामंजींच्या बीपीच्या गोळ्या नेमक्या खालच्या बॅगेत. शेवटी गोविंदनगरला एका बंगाली मावशींच्या घरी दोन खोल्या मिळाल्या, पंखेवाल्या, त्यांनी रात्री गरम भात आणि माशाचं कालवण केलं. सासूबाई माळकरी, त्यांनी भात आणि दही खाल्लं आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि एवढ्यावर संपलं नाही. दुसऱ्या दिवशी नीलच्या बोटीचं तिकीट घेऊन जेटीवरच्या काउंटरला गेलो, म्हणलं हे तरी बघून घ्यावं. पीएनआर टाकला तर आत नावं दुसरीच. तारीखपण दुसरी, होऊन गेलेली. म्हणजे कुणाचं तरी जुनं तिकीट घेऊन त्यावर आमची नावं आणि नवीन तारीख बसवली होती, फॉन्ट जरासा जाड होता ते तेव्हा दिसलं. हॉटेलचं आपण म्हणू की पैसे फिरवता फिरवता अडकले असतील, पण तिकिटावर नावं बसवताना माणूस खुर्चीत बसून, शांत डोक्यानं ते करतो. तिथं मला पक्कं कळलं की हे मुद्दाम केलंय.

नील आम्ही बघितलंच नाही. पोर्ट ब्लेअरच्या बोटीत सहा सीट मिळायला काउंटरला रांग लावून बसावं लागलं. प्रायव्हेट बोटीला माणशी दीड-दोन हजार जातात, सरकारी बोट स्वस्त असते पण सीझनला तिची तिकिटं मिळणं अवघड. आणखी एक बारकी लूट सांगते. पॅकेजमध्ये "एलिफंट बीच स्नॉर्कलिंग" म्हणून त्यानं वेगळे पैसे लावले होते. तिथं कळलं की एलिफंट बीचला जायच्या बोटीच्या तिकिटातच थोडा वेळ स्नॉर्कलिंग फुकट देतात. शिवाय नाताळ आणि एकतीस डिसेंबरला बरीच हॉटेलं गाला डिनरचे सक्तीचे पैसे घेतात, ते पॅकेजमध्ये धरलेत का ते आधीच लिहून घ्या, नाहीतर तिथं काउंटरवर बिल येतं.

परत आल्यावर ऑफिसला गेलो तर साहेब हजर, परत चहा. "वैनी, झालं गेलं, तुमची रक्कम आपण पुढच्या केरळ टूरमध्ये ॲडजस्ट करू." ह्याला हो म्हणू नका. ॲडजस्ट म्हणजे आणखी पन्नास हजार भरा आणि मग बघू. हे नाही म्हणाले तर महिनाभरानंतरच्या तारखेचा चेक दिला. चेक बाउन्स. त्याच दरम्यान इचलकरंजीचं एक कुटुंब आणि जयसिंगपूरच्या पोरांचा एक ग्रुप भेटला, त्याच माणसाचे, तेव्हा लक्षात आलं की ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर असा सगळा धंदा आहे, आमचे पैसे आमच्या आधीच्यांच्या ट्रिपला गेले आणि आमच्या नंतरच्यांचे आमच्या चेकला जायचे होते, ते आले नाहीत एवढंच.

आता पैशाचं काय झालं ते. कार्डवर दिलेले पन्नास हजार बँकेकडं डिस्प्यूट टाकून परत मिळाले, हॉटेलचा तो ईमेल आणि व्हाउचर जोडलं होतं. वेळ लागला पण मिळाले. जीपेचे एक लाख छत्तीस हजार अडकलेत. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते त्यामुळं खात्यात अडवायला काही शिल्लक नव्हतं, तो नंबर फसवणूक कळल्या कळल्या लावायचा असतो. पोलीस ठाण्यात आधी म्हणाले हा तुमच्या व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जावा. एडिट केलेलं तिकीट आणि बोट कंपनीचं उत्तर समोर ठेवलं तेव्हा सूर बदलला, कारण ते बनावट कागदपत्र होतं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ आहे आणि बनावटीला ३३६, आमच्या वकिलांनी अर्जात दोन्ही कलमं घातली. चेकसाठी वेगळी नोटीस. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत पाठवावी लागते, मग त्याला पंधरा दिवस, तरी दिले नाहीत तर पुढं महिन्याभरात केस, ह्या तारखा चुकल्या की सगळं अवघड होऊन बसतं.

ग्राहक आयोगातपण गेलोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे एजंट पुण्याचा किंवा मुंबईचा असला तरी कोल्हापुरात करता येईल, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील नसला तरी चालतं.

बुकिंग करणाऱ्यांनी एवढं करा. व्हाउचर आलं की हॉटेलचा नंबर व्हाउचरवरून घेऊ नका, हॉटेलच्या साइटवरून घ्या आणि विचारा, माझ्या नावावर रूम आहे का, पैसे पूर्ण आलेत का, का नुसतं होल्ड आहे आणि होल्ड कधीपर्यंत. बोटीचा पीएनआर बोट कंपनीकडं तपासा. एका बेटाचं खरं निघालं म्हणून दुसऱ्याचं धरून चालू नका. एजंट म्हणेल, असं डायरेक्ट विचारलं तर हॉटेलवाले रागावतात. कुणी रागावत नाही. मी आता सवयीनं सगळीकडं विचारते, परवा गोव्याला विचारलं, रिसेप्शनच्या पोरीनं अर्ध्या मिनिटात सांगितलं.

आयोगात पुढची तारीख जूनमध्ये आहे. इचलकरंजीवाले पण तक्रार करतायत. ह्याच माणसाकडं कुणाचं बुकिंग असेल तर आजच हॉटेलला फोन करा, उद्या नको.